तुलनेच्या गटातून व्याह्यांना

तेरेक-बुलाक, सरोवराचा दक्षिण काठ
बटाटे काढून झाले तो आठवडा, बुधवार

आदरणीय व्याही झुमाकादिर कुदाके यांना ओसमोनालीचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमची मेंढरं-माणसं सुखरूप आहेत ना? (आधी मेंढरांची चौकशी केली म्हणून रागावू नका. रीतच तशी आहे. शिवाय माणसांबद्दल विचारलं की तुम्ही "देवाची कृपा" म्हणून मोकळे होता, मेंढरांबद्दल मात्र खरं सांगता.) गुडघा कसा आहे? करडी घोडी व्यायली का? आत-बाशीकडे बर्फ पडायला लागलं असं रेडिओवर ऐकलं. गोठ्याच्या छपराचा तो सुटलेला पत्रा ठोकून घेतलात, की अजून वाऱ्याबरोबर टाळ्या वाजवतोय? आमच्याकडे सगळं ठीक. गाय ठीक, मी ठीक. मॉस्कोहून माझी पोरगी केन्जेगुल आणि तुमचा एर्मेक दर रविवारी फोन करतात. नातू पडद्यावर तोंड दाखवून पळून जातो. गेल्या रविवारी मात्र तो थांबला आणि त्यानं मला रशियनमध्ये विचारलं, आजोबा, तुम्ही नेहमी त्याच भिंतीपुढे का बसलेले असता? मी म्हटलं, बाळा, फोनची तार तेवढीच पोचते. (फोनला तार नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण तो सभ्य मुलगा आहे, तुमच्यावर गेलाय.)

तुम्ही म्हणाल, हा माणूस फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय? कारण फोनवर आपलं बोलणं चाळीस सेकंदांत संपतं. तुम्ही म्हणता, देवाची कृपा. मी म्हणतो, देवाची कृपा. मग दोघं मिळून हवामानाला शिव्या देतो आणि फोन ठेवतो. मी एकतीस वर्षं गावोगाव व्याख्यानं दिली. अंतराळ, अंधश्रद्धा, दातांची निगा, बटाट्यावरची कीड, असा एक विषय सोडला नाही. त्यानंतर तीनशेच्या वर लग्नांत सूत्रधार म्हणून उभा राहून बोललो. तरी फोनवर व्याह्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. कागदावर निदान कुणी मध्ये "देवाची कृपा" म्हणत नाही.

तर विषय असा. येत्या शुक्रवारी मला एका छापील कागदावरच्या चौदाव्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. महिन्यापूर्वी त्याच प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं. आता खरं द्यावं की पुन्हा खोटंच, हे मला ठरवायचं आहे. प्रश्न लहान आहे, पण त्यात तुमच्या घराण्याची अब्रू अडकली आहे असं आमच्या शेजारच्या बेइशेनबायचं मत आहे. म्हणून आधी तुम्हाला सगळं सांगणं माझं कर्तव्य.

सप्टेंबरात बिश्केकच्या कुठल्याशा विद्यापीठातून एक मुलगी आमच्या गावात आली. नाव ऐझारकिन, वय सव्वीस, चष्मा, पाठीवर स्वतःपेक्षा जड पिशवी. तिचा विषय होता, म्हातारी माणसं किती हिंडतात-फिरतात आणि त्यांना एकटं किती वाटतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध. सरपंचानं तिला माझ्याकडे पाठवलं. (गावात विज्ञानाचं काही आलं की माझ्याकडे पाठवतात आणि मेंढीचं काही आलं की बेइशेनबायकडे. कामाची ही वाटणी चाळीस वर्षांची आहे.) मी त्याच दिवशी शाळेच्या पटांगणात म्हातारे गोळा केले आणि बोललो. पाऊण तास बोललो. म्हटलं, बांधवांनो, माणसानं ताऱ्यांची अंतरं मोजली, समुद्राचा तळ मोजला, पण म्हाताऱ्याच्या मनाला कुणी फूटपट्टी लावली का? आज ती फूटपट्टी आपल्या दाराशी आली आहे! ज्याला स्वतःला मोजून घ्यायची भीती वाटते, त्यानं आरशात बघायचंही सोडावं! माझा आवाज अजून पटांगणाच्या पलीकडच्या पॉपलरच्या झाडांपर्यंत जातो, कुदाके. जमलेल्या सगळ्यांनी अंगठे दिले. मुलगी मला वडिलांच्या जागी धरून म्हणाली, "अता, मला वाटलं होतं यालाच आठवडा जाईल." मला वाटलं, आता आपलं काम झालं. तिथेच सुरुवात झाली.

पहिली अडचण नमुन्याची. सगळ्या गावाला विचारता येत नाही, म्हणून थोडी माणसं निवडायची आणि त्यांच्यावरून सगळ्यांचं ओळखायचं, याला नमुना म्हणतात. मुलीनं नियम केला होता, दर तिसरं घर. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा दोन दारांसमोरून मान खाली घालून जातो आणि तिसऱ्या दारात शिरतो, हे कसं चालेल? ज्या दोन घरांना वगळलं त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, आमच्या घरात काय पटकी आहे? शेवटी मुलीला वगळलेल्या घरांतही जाऊन बसावं लागलं, फक्त प्रश्न विचारायचे नाहीत एवढंच. पंधरा दिवसांत तिनं एवढा चहा प्यायला आणि एवढे तळलेले बोर्सोक खाल्ले की ती म्हणाली, "अता, माझंच वजन आता अहवालात लिहावं लागेल."

दुसरी अडचण उत्तरांची. ती विचारायची, तुमची प्रकृती कशी? उत्तर, देवाची कृपा. झोप लागते? देवाची कृपा. मुलं भेटायला येतात? देवाची कृपा. मी तिला म्हटलं, पोरी, आपले लोक तक्रार फक्त घोड्याबद्दल करतात. तिनं मला दोन शब्द शिकवले, ते तुम्हालाही सांगतो. एक विश्वसनीयता, म्हणजे त्याच माणसाला तेच पुन्हा विचारलं तर तेच उत्तर यावं. दुसरा वैधता, म्हणजे जे मोजायला निघालो तेच मोजलं जावं. आमचं गाव विश्वसनीयतेत शंभर टक्के निघालं. वैधतेत शून्य.

आणि एकट्यानं उत्तर द्यायची पद्धत तर आपल्याकडे नाहीच. मुलीनं सांगितलं होतं की खोलीत दुसरं कुणी नको, नाव गुप्त राहील, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक. (ज्याचं नाव एके काळी भिंतीभिंतीवर वीतभर अक्षरांत लागायचं तो मी, सत्तावीस क्रमांक झालो.) पण पाहुणी आली म्हटल्यावर शेजारी येणारच. माझी पाळी आली तेव्हा गादीवर माझ्या उजवीकडे बेइशेनबाय, डावीकडे उमसुनाय आपा, दारात तिची सून, असा दरबार भरला होता. चौदावा प्रश्न आला. "गेल्या महिन्यात आपल्याला एकटं वाटलं, असं किती वेळा झालं? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, जवळजवळ रोज." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बेइशेनबाय म्हणाला, "ह्याला कसलं एकटं वाटतंय! हा आरशाशी बोलतो आणि आरसा थकतो." सगळे हसले. मी पण हसलो. आणि "कधीच नाही"वर खूण केली.

कुदाके, माझी काकीश जाऊन तीन वर्षं झाली. मी आयुष्यभर हजार-हजार माणसांपुढे बोललो, पण माझं खरं ऐकणारं माणूस एकच होतं आणि ते ऐकतानाही लोकर पिंजत असायचं. मी हातवारे करून जगाचं भवितव्य सांगत असलो की ती म्हणायची, "बस करा आता, चहा गार झाला." तीन वर्षांत माझा चहा एकदाही गार झालेला नाही. मी लगेच पिऊन टाकतो.

असो. पुढचं ऐका. प्रश्नांनंतर मुलीनं प्रत्येकाच्या कमरेला एक लहानसं यंत्र अडकवलं, पावलं मोजणारं. मग चिठ्ठ्या टाकून नमुन्यातल्या चाळीस जणांचे दोन गट केले. पहिल्या गटातल्यांनी चार आठवडे रोज सकाळी एकत्र पायी झऱ्यापर्यंत जाऊन यायचं. दुसऱ्या गटातल्यांनी काहीच करायचं नाही, जसे जगत होते तसेच जगायचं. दुसऱ्याला म्हणतात तुलनेचा गट. तो नसेल तर पहिल्यात झालेला फरक चालण्यामुळे झाला, की ऊन चांगलं पडलं म्हणून झाला, ते कळत नाही. विज्ञानाचा पायाच तो. मला चिठ्ठी कुठली आली असेल? ज्यानं एकतीस वर्षं लोकांना "पुढे चला!" म्हणून सांगितलं, त्याला चिठ्ठी आली काहीच न करण्याची.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला तो जथा माझ्या दारावरून जायला लागला. बेइशेनबाय ओरडायचा, "ओसमोनाली, ये की रे! चिठ्ठी बघायला कोण बसलंय इथं?" मी अंगणातूनच उत्तर द्यायचो की तुलनेचा गट बिघडला तर सगळं संशोधन बिघडतं, की व्यक्तीनं सत्यासाठी एवढा त्याग केलाच पाहिजे, की... तोवर ते वळणापलीकडे गेलेले असायचे. उमसुनाय आपानं चहाला बोलावलं तरी मी गेलो नाही. जसे होतो तसेच जगायचं, हा नियम. (ती आधी बोलवायची का, असं तुम्ही विचाराल. नव्हती बोलवत. म्हणून तर जाता आलं नाही.)

तीन आठवड्यांनी मुलीनं यंत्रांतले आकडे काढले, पहिल्या गटाला चौदावा प्रश्न मधेच एकदा विचारून घेतला आणि माझ्याकडे धावत आली. डोळे एवढे झालेले. "अता, ह्या म्हाताऱ्यांनी रोज वीस-वीस हजार पावलं टाकलीत! बेइशेनबाय अता तर एकतीस हजार! आणि त्यांचं एकटेपणही अर्ध्यावर आलंय!" बेइशेनबायचा एक पाय लाकडापेक्षा थोडाच बरा आहे, हे तुम्हाला लग्नात नाचताना दिसलंच असेल. मी म्हटलं, पोरी, उद्या सकाळी त्यांच्या मागून जा.

ती गेली. आणि बघते तर काय, सगळे घोड्यावर! उमसुनाय आपा गाढवावर. दोघं-दोघं एका खोगिरात. झऱ्याशी उतरायचे, रुमाल पसरायचे, कुणी पाव, कुणी दही, कुणी घोडीच्या दुधाचं कुमिस काढायचं. दीड तास गावातल्या प्रत्येक माणसाची निंदा करायची (माझी सगळ्यात जास्त, असं कळलं) आणि पुन्हा घोड्यावर बसून दुडक्या चालीनं परत. यंत्रांनी इमानदारीनं घोड्यांची पावलं मोजली होती. मुलगी रडकुंडीला आली. म्हणाली, "अहो, मी पायी जायला सांगितलं होतं ना?" बेइशेनबाय खरोखर दुखावला. म्हणाला, "बाळ, पायी कोण जातं? ज्याचं घोडं मेलंय तो, नाही तर ज्याला बायकोनं हाकललंय तो. तू विद्यापीठातून आलीस, तुझा मान राखायला आम्ही चांगली खोगिरं काढली!" यात त्याची काही चूक नाही. सत्तर वर्षांच्या पांढऱ्या दाढ्या लोकांदेखत पायी हिंडल्या असत्या, तर त्यांच्या सुनांना गावानं विचारलं असतं की सासऱ्याचं घोडं विकून खाल्लं का?

इथे मी मुलीला एक गोष्ट दाखवून दिली, तिचा मला अजून अभिमान आहे. म्हटलं, दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही, हे तूच मला शिकवलंस. पावलं वाढली आणि एकटेपण कमी झालं असं तुझे कागद म्हणतात. पण पाऊल तर कुणी टाकलंच नाही! मग कमी कशानं झालं? दह्यानं? निंदेनं? ती वही उघडून लिहायला लागली. मला वाटलं, ओसमोनाली, तू अजून मेलेला नाहीस.

तेवढ्यात तिनं माझं यंत्र हातात घेतलं. आकडा बघितला, यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा बघितला. "अता, तुमच्याकडे घोडं नाही ना?" मी म्हटलं, विकलं, काकीश गेली त्या वर्षी. "मग तुमचे रोजचे अकरा हजार? तुम्ही तर तुलनेच्या गटात. जाता कुठं?" म्हटलं, कुठंच नाही. "कुठंच न जाता अकरा हजार?" मी तिला ग्रीक तत्त्वज्ञ येरझारा घालत कसे शिकवायचे यावर वीस मिनिटं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि रकान्यात लिहिलं, "घरातल्या घरात."

ती गेल्यावर मी मोजलं. दारापासून फाटकापर्यंत अडतीस पावलं. तिथं उभं राहून रस्ता दोन्हीकडे बघायचा आणि परत अडतीस. गाय, झरा, सरपण सगळं वजा केलं तरी मी दिवसातून शंभर वेळा फाटकाशी जातो. शपथेवर सांगतो कुदाके, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी विचार करतोय.

आता शुक्रवारी शेवटची फेरी. तेच प्रश्न, तोच चौदावा. मी बेइशेनबायला म्हटलं की या खेपेला खरं लिहावं म्हणतो. तो खोगिरावरून खाली उतरला, म्हणजे गोष्ट गंभीर. म्हणाला, "अक्कल गहाण टाकलीस का? तू एकटा आहेस असं लिहिलंस तर त्याचा अर्थ काय होतो? पोरगी म्हाताऱ्या बापाला टाकून गेली, आणि जिथं पोरगी दिली ते घर विचारत नाही! व्याह्यावर फिर्याद झाली ही. सत्तावीस नंबर कोण, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे." मी म्हटलं, सत्य हे सत्य असतं. तो म्हणाला, "सत्य तुझ्या अंगणात ठेव. व्याही आत-बाशीला राहतो, त्याला चारचौघांत तोंड दाखवायचंय."

मला हे पटत नाही आणि उडवूनही लावता येत नाही. तुमचा काहीच दोष नाही. सहा वर्षांपूर्वी लग्नात तुम्ही अकरा माणसं घेऊन आलात, तेव्हा मी घोडं कापलं, मेंढीचं डोकं तुमच्यापुढे ठेवलं, प्रत्येकाच्या खांद्यावर मानाचा अंगरखा, चापान घातला. त्यानंतर तुम्ही आला नाहीत, कारण व्याह्यानं रिकाम्या हातानं आणि एकट्यानं यायचं नसतं. मीही आलो नाही, कारण मी आलो तर तुम्हाला घोडं कापावं लागेल आणि तुमच्याकडे ती करडी घोडी एकच आहे. (तुम्ही मला घातलेला चापान बाह्यांना आखूड होता. सहा वर्षं बोललो नव्हतो, आज बोललो, बरं वाटलं.) तुमच्या घरीही मालकीण नाही, हे मला ठाऊक आहे. आपण दोघं एकमेकांचा एवढा मान राखतो की एकमेकांचं तोंड बघत नाही.

तेव्हा शुक्रवारी काय लिहू, हे कळवावं. तुमचा शब्द येईपर्यंत लेखणी उचलणार नाही.

घरच्या सर्व मेंढरांना, घोडीला आणि एर्मेकच्या काकांना सलाम.

आपला व्याही,
ओसमोनाली
(क्र. २७)

ता. क. रविवार. पत्र घेऊन जाणारा सोवेतबेक, जो आठवड्यातून दोनदा नारिनवरून आत-बाशीकडे गाडी हाकतो, त्याच्या गाडीचा पट्टा तुटला. त्यामुळे पत्र गुरुवारी निघालंच नाही. खरं सांगायचं तर गुरुवारी निघालं असतं तरी शुक्रवारच्या आत तुमचं उत्तर येणार नव्हतं, हे लिहितानाच मला माहीत होतं. शुक्रवारी मुलगी आली. दरबार भरला होताच. मी सगळ्यांदेखत "जवळजवळ रोज"वर खूण केली. कुणी हसलं नाही. उमसुनाय आपा उठून गायीला चारा घालायला गेली, माझ्या गायीला. बेइशेनबायनं बराच वेळ टोपी काढून तिच्या आत बघितलं. मग म्हणाला, "मी पण तेच लिहायला हवं होतं रे." आणि त्याच्या घरात नऊ माणसं आहेत.

आणखी एक ता. क. ज्या सत्यासाठी मी तुमची अब्रू पणाला लावली, त्याचा विज्ञानाला काडीचा उपयोग नाही. मुलीच्या प्राध्यापकांनी फोनवर सांगितलं की घोड्यांमुळे सगळेच आकडे बाद. आमचं गाव अहवालात येणार नाही. ती निरोप घ्यायला आली, तेव्हा मी तिला धीर देणारं लहानसं भाषण केलं. ती ऐकता ऐकता माझ्या चुलीपाशी बसूनच झोपली. मी आवाज कमी केला, पण पूर्ण केलं. तर तुमच्या घराची अब्रू शाबूत आहे, काळजी नसावी. कागद रद्दीत गेला.

शेवटचं. सोवेतबेक दारात उभा आहे, गाडी दुरुस्त झाली. बुधवारी तो आत-बाशीहून परत येतो. मी त्याला म्हटलं, परतीला पुढची एक जागा रिकामी ठेव. तो म्हणाला, "कुणासाठी, आबाके?" मी त्याला सांगितलं की जुन्या रीती माणसासाठी आहेत, माणूस रीतींसाठी नाही. की दोन म्हाताऱ्यांनी एका चुलीवर नुसतं नूडल्सचं सूप उकळलं आणि घोडं कापलं नाही म्हणून आकाश कोसळत नाही. की हिवाळा लांब असतो, आणि तुमच्या मेंढरांकडे एर्मेकचे काका बघू शकतात. की ज्या दोन घरांनी आपली मुलं एकमेकांना दिली, त्यांना दारात उभं राहून मान मोजत बसायचं कारण नाही. बराच वेळ बोललो. इंजिन चालूच होतं. सोवेतबेकनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही अजून त्यांना विचारलेलंच नाही."

तर आता विचारतो. याल का?